परिच्छेद सात

आमच्या सोसायटीत एखादा सिनेमा चांगला की वाईट, हे मेश्रामसाहेबांची फाईल खाली आल्याशिवाय ठरत नसे. फाईल म्हणजे खरोखरची फाईल. पुठ्ठ्याची, फीत बांधलेली, आत हिरवट नोटशीट, डावीकडे समास, परिच्छेदांना क्रमांक, शेवटी सही आणि तारीख. पुंडलिक मेश्राम हे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कागदांवर टिप्पण्या लिहिल्या आणि घरी आल्यावर तोच हात सिनेमावर चालवला. सगळ्या सिनेमांवर नाही. फक्त कॉमिक्सवरून काढलेल्या, उडणाऱ्या आणि भिंती फोडणाऱ्या माणसांच्या सिनेमांवर. ऑफिसात हिंदी-इंग्रजी चालायचं, पण या टिप्पण्या मराठीत. घरचा पत्रव्यवहार मातृभाषेत व्हावा, असा त्यांचा नियम होता.

मी जाधव, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. मूळचा बार्शीचा. दुसऱ्या एका मंत्रालयात तेच काम करतो, फक्त त्यांच्याइतकं मन लावून नाही. गाझियाबादला येऊन मला एकवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत या गावाबद्दल चांगलं बोलावं असं फारसं काही हाती लागलं नाही. मेश्रामसाहेब लागले, तेही वरून पाणी गळतं म्हणून भांडायला गेलो तेव्हा. त्यांनी दारातच माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लेखी द्या जी.” मी चिडून लेखी दिलं. तिसऱ्या दिवशी लेखी उत्तर आलं की तक्रार रास्त आहे, प्लंबर रविवारी येईल. प्लंबर रविवारी आला. दिल्लीच्या आसपास प्लंबर सांगितल्या दिवशी येतो, हे मी त्या आधी किंवा नंतर पाहिलेलं नाही.

सिनेमाला जाताना त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटा टॉर्च, एक डायरी आणि निळं नि लाल अशी दोन पेनं असत. अंधारात मधेच टॉर्च लागायचा, काहीतरी लिहिलं जायचं, टॉर्च विझायचा. मागची पोरं ओरडायची, अंकलजी बत्ती बुझाओ. साहेब मान न वळवता म्हणायचे, “कार्य प्रगति पर है.” मी शेजारी बसून खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकायचो.

हे वेड भंडाऱ्याचं. तिथल्या बसस्टँडवर एक पुस्तकवाला होता, हिंदी कॉमिक्स वाचायला द्यायचा. मेश्रामांच्या घरी कॉमिक्सची चैन परवडणारी नव्हती. पण पुस्तकवाल्याला आकड्यांचा कंटाळा होता आणि पुंडलिकाला आकड्यांची आवड. तेव्हा असं ठरलं, की सगळी कॉमिक्स क्रमांकाप्रमाणे लावून द्यायची आणि मग त्याच्या ओट्यावर बसून हवी ती वाचायची. त्यात एक ‘वज्रसेन’ होता. पोलादी छातीचा, पिवळ्या उपरण्याचा, पाण्याच्या टाक्यांवर उभा राहून शहराची काळजी करणारा. पुंडलिक क्रमांक लावायला शिकला आणि वज्रसेनाचा झाला, दोन्ही एकाच ओट्यावर. माझ्या मते त्यांचं उभं आयुष्य त्या ओट्यावरच ठरलं.

नोकरी लागून दिल्लीला आल्यावर त्यांनी वज्रसेनाचे शहाण्णव अंक जुन्या बाजारांतून हुडकून जमवले. आता ते एका लोखंडी कपाटात आहेत. प्रत्येक अंकाला प्लास्टिकचं वेष्टन, बाहेर एक रजिस्टर. घरच्या माणसालासुद्धा अंक हवा असला तर चिठ्ठी लिहून द्यावी लागे. घरची माणसं दोनच, सुनंदावहिनी आणि मुलगा सुगत. वहिनींनी जन्मात चिठ्ठी दिली नाही. सुगत मात्र अक्षर आलं त्या वर्षापासून चिठ्ठ्या देत होता.

सुगत दुसरीत असताना बाराव्या अंकाचं प्रकरण घडलं. त्या अंकाच्या शेवटच्या पानावर वज्रसेन टाकीवर उभा आहे आणि मागे सूर्य बुडतो आहे. सुगतने लाल स्केचपेन घेऊन त्याचं पिवळं उपरणं रंगवून टाकलं. दुसऱ्या कुणी दोन धपाटे घातले असते. मेश्रामसाहेबांनी सात वर्षांच्या मुलाला मेमो दिला. कार्यालयीन प्रत खराब केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी स्पष्टीकरण द्यावे. पोराने दिलं. साहेबांनी त्यावर ‘समाधानकारक नाही’ असा शेरा मारून ते फाईलला लावलं. ही गोष्ट ते सोसायटीतल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात रंगवून सांगायचे, लोक हसून लोळायचे आणि मीही हसायचो. सुगत मोठा होत गेला तसा ही गोष्ट निघाली की उठून पाणी प्यायला जायचा. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, पण मी काही बोललो नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. फाईल खालून वर जाते. धाकटा लिहितो, मोठ्याकडे सादर करतो, मोठा ‘मान्य’ लिहून सही करतो आणि फाईल खाली येते. पण कधीकधी मोठा मान्यही करत नाही, नाकारतही नाही. तो फक्त लिहितो, ‘चर्चा करावी.’ म्हणजे कागद पुरेसा नाही, स्वतः येऊन समोर बस आणि बोल. हा शेरा आला की भलेभले चहा अर्धा टाकून उठतात. माझ्या फाइलींवर तो महिन्यातून दोनदा येतो आणि मला त्याचं काही वाटेनासं झालंय. मेश्रामसाहेबांच्या फाईलवर तो चौतीस वर्षांत एकदाही आला नव्हता. त्यांचं म्हणणं, “बोलावं लागलं म्हणजे लिहिणं कमी पडलं.” ते हे अभिमानाने सांगत, आणि अभिमान वाटावा असंच ते होतं. फक्त घरीही त्यांचं तेच चाले. मुलगा पहिला आला तर अभिनंदनाची चिठ्ठी, नापास झाला तर खुलाशाची. सुगतशी ते दहा मिनिटं समोरासमोर बसून बोललेत, असं मी पाहिलेलं नाही.

सुगतने स्पर्धा परीक्षा द्याव्यात ही त्यांची इच्छा होती. तो चित्रं काढत राहिला आणि कॉम्प्युटरवरचं कसलंसं शिकून नोएडाच्या एका कंपनीत लागला. सिनेमातल्या खोट्या गोष्टी खऱ्या दिसतील असं करणारी कंपनी. नोएडा म्हणजे आमच्या समोरच. आमची गच्ची इकडे, त्याची काचेची इमारत तिकडे, मधे एक हायवे. तिथे तो काय करतो हे साहेबांनी कधी विचारलं नाही आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही हे सुगत त्यांच्याकडूनच शिकला होता.

चार वर्षांपूर्वी वज्रसेनावर पहिला सिनेमा आला. सुगतने आईवडिलांची तिकिटं काढली आणि माझंही. सिनेमाभर त्याचं पडद्याकडे लक्षच नव्हतं, तो बापाच्या तोंडाकडे बघत होता. टॉर्च लागत होता, विझत होता. सिनेमा सुटल्यावर त्याला ऑफिसमधून बोलावणं आलं. जाताना तो वहिनींच्या कानात काहीतरी बोलला आणि आम्हाला म्हणाला, उद्या येताना मिठाई आणतो, एक गोष्ट सांगायची आहे.

मिठाई आलीच नाही. त्याच संध्याकाळी साहेबांनी अकरा परिच्छेदांची टिप्पणी लिहिली, फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर चाळीस घरं होती, त्यात सुगतही होता. सातवा परिच्छेद मला पाठ आहे. ‘नायकाचे उपरणे मुळात पिवळे. सिनेमात शेवटच्या प्रसंगात ते तांबूस दाखवले असून ओल्या पोत्यासारखे हलते. हे काम ज्याने केले, त्याने मूळ कॉमिक्स उघडूनही पाहिलेले नाही.’ खाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागली. त्यात माझाही अंगठा होता.

ते उपरणं सुगतने केलं होतं. आठ महिने तो फक्त त्या एका कापडावर बसला होता.

वहिनींनी हे साहेबांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो, कारण सिनेमावर वाद घालायला म्हणून वर गेलो होतो. मग सुगत आला. रडला नाही, ओरडला नाही. त्याने एवढंच मागितलं, “पप्पा, बस, ती एक लाइन काढून टाका.”

मेश्रामसाहेब म्हणाले, “सही झालेली टिप्पणी काढता येत नाही. नियमात बसत नाही.”

त्या माणसाला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. घाबरला की माणूस ओळखीच्या वाटेने पळतो. त्यांची ओळखीची वाट ती होती. पण पोराला हे कुणी समजावायचं? आठवड्याच्या आत सुगत दोन बॅगा घेऊन हायवेपलीकडे खोली करून राहिला.

त्यानंतर चार वर्षं वहिनी एक रविवार आड डबा घेऊन नोएडाला जात होत्या. साहेब तो दिवसभर पेपर वाचायचे. वहिनी परत आल्या की पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचे आणि डबा उचलून बघायचे. हलका लागला की पेपर पुन्हा घ्यायचे. विचारायचे काही नाहीत. मी त्यांना खूप सांगून पाहिलं. फोन करा म्हटलं, तर म्हणाले फोनचं रेकॉर्ड राहत नाही. समोर जा म्हटलं, तर पेपर उघडला. मग मी त्यांच्याच भाषेत शिरलो आणि म्हटलं, जुनी टिप्पणी काढता येत नाही ना, मग नवी लिहा आणि जुनी चुकली असं म्हणा. हे नियमात बसतं.

“बसतं,” ते म्हणाले. “पण बंद फाईल उघडायला नवीन कागद यावा लागतो.”

मला राग आला. वाटलं, नियम हे याचं उपरणं आहे, त्यात तोंड लपवून बसलाय. त्यानंतर दोनेक महिने मी त्यांच्याकडे गेलो नाही. माझी मुलगी बंगळुरूला असते आणि रविवारी अकरा मिनिटं फोनवर बोलते. त्यातली आठ मी हवेबद्दल बोलतो. तेव्हा मला कुणाला शिकवायचा फार अधिकार नव्हता, हेही खरं.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी बेल वाजली. बाहेर नेहमीचं धुरकट, समोरची इमारत नुसती अंदाजाने ओळखायची. दारात मेश्रामसाहेब, मफलर बांधून, हातात पेपरमधलं कापलेलं कात्रण. वज्रसेनाचा दुसरा भाग डिसेंबरात येत होता.

“कागद आला,” ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं, की हा माणूस चार वर्षं हट्टाने बसलेला नव्हता. तो वाट बघत होता. मला माझ्या रागाची लाज वाटली आणि मी त्यांना चहाला आत बोलावलं.

पहिल्याच दिवशी आम्ही दोघे गेलो. सिनेमा फार वाईट होता. वज्रसेन बोलतच सुटला होता. कॉमिक्समधला त्याचा जन्माचा वैरी इथे त्याचा जिवलग मित्र झाला होता आणि दोघे मिळून एका लग्नात नाचत होते. मी मधे थोडी झोप काढली. जागा झालो तेव्हा लक्षात आलं, की एवढ्या वेळात टॉर्च एकदाही लागलेला नाही. साहेब हात मांडीवर ठेवून बसले होते. शेवटी वज्रसेन पाण्याच्या टाकीवर उभा राहिला, सूर्य खाली गेला आणि सिनेमाभर पिवळं असलेलं उपरणं हळूहळू तांबूस होत गेलं. साहेब खुर्चीच्या कडेला सरकले.

लोक उठले. साहेब उठले नाहीत. पडद्यावर नावं पळायला लागली, मुंग्यांएवढी, एका वेळी चार रांगांत. त्यांना सुगतचं नाव शोधायचं होतं. ते काम त्याचंच, याचा पुरावा त्यांना हवा होता. वहिनींना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं, पण तोंडी माहिती ग्राह्य नव्हती. चार मिनिटांत दिवे लागले, झाडू घेऊन माणसं आत आली, पडदा काळा झाला. एकजण म्हणाला, अंकलजी, फिल्म ख़तम. साहेब म्हणाले, नाही, चालू आहे. पण ती नव्हती.

दुसऱ्यांदा ते एकटेच गेले आणि तसेच परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी मला ड्युटी लावली. डावीकडच्या दोन रांगा मी बघायच्या, उजवीकडच्या दोन त्यांनी. ते तीन तास मी पुन्हा कसे काढले ते माझं मला ठाऊक. नावं सुरू झाली आणि मी डोळे फाडून बसलो. नाव माझ्या बाजूला निघालं. मी त्यांचा हात धरून दाखवेपर्यंत ते वर निघून गेलं होतं.

मी म्हटलं, झालं, मी पाहिलं. तर म्हणाले, “तुम्ही पाहिलं जी. तुमच्या पाहण्यावर मी सही कशी करू?”

चौथ्यांदा ते सकाळच्या खेळाला गेले, डाव्या बाजूच्या रांगेत, सगळ्यात पुढे. दुपारी मी पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होतो तेव्हा परत आले. माझ्याजवळ थांबले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“पी आहे,” म्हणाले.

मला कळेना.

“मधे पी आहे. सुगत पी. मेश्राम. बिल्कुल स्पष्ट. त्याने काढलेला नाही.”

बापाच्या नावाचं एक अक्षर. एवढं सांगून ते जिन्याने वर गेले, लिफ्ट चालू असताना.

ग्रुपवर तोवर विचारणा सुरू झाल्या होत्या. साहेब, निकाल काय? बघू की नको? साहेब रोज एकच शब्द टाकत होते, ‘विचाराधीन.’ त्याच आठवड्यात ते रोज संध्याकाळी वहिनींची पिवळी ओढणी घेऊन गच्चीवर जायला लागले. थंडीत, धुरक्यात, ती ओढणी दोन्ही हातांनी धरून मावळतीकडे तोंड करून उभे. सूर्य म्हणजे नुसता एक मळका डाग दिसायचा. चौथ्या मजल्यावरच्या शर्माजींनी मला बाजूला घेऊन विचारलं की मेश्रामजी ठीक तो हैं. जानेवारीअखेर ते निवृत्त होणार होते, तेव्हा लोकांना तशी शंका येणं साहजिक होतं. मलाही आली.

शनिवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं आणि एक फाईल हातात दिली. सोबत एक छोटं रजिस्टर, पोच घेण्यासाठी. फाईल सुगतला हातोहात द्यायची होती. पोस्टाने का नाही असं मी विचारलं नाही. वहिनी दाराआड उभ्या होत्या, त्यांनी मला नुसती मान हलवून खूण केली, जा म्हणून.

सुगतचं ऑफिस शनिवारीही चालू असतं. इमारतीखालच्या चहाच्या टपरीशी तो आला. चार वर्षांत अंगाने सुटला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. माझ्या पाया पडला. रजिस्टर बघून हसला आणि काही न बोलता सही केली. मग फीत सोडली आणि उभ्यानेच वाचायला लागला. मी चहा हातात धरून त्याच्या खांद्यावरून वाचलं. वाईट सवय आहे, पण वाचलं.

‘१. वज्रसेन, भाग दोन, चार वेळा पाहिला.

२. सिनेमा वाईट आहे.

३. उपरणे बरोबर आहे. शेवटच्या प्रसंगात ते तांबूस होते. संध्याकाळी पिवळे कापड तांबूसच दिसते. खाली सही करणाऱ्याने गच्चीवर सलग पाच संध्याकाळी जाऊन खात्री केली आहे.

४. पहिल्या भागावरील टिप्पणीतील परिच्छेद सात चुकीचा होता. ते काम करणाऱ्याने मूळ कॉमिक्स उघडले होते. सोबतचा कागद पाहावा. त्यावर पूर्वी दिलेला शेराही चुकीचा होता.

५. चूक सर्वस्वी खाली सही करणाऱ्याची आहे. याची प्रत मंडळाच्या सर्व सभासदांना देण्यात येईल.

६. आदेशार्थ सादर.’

खाली सही, तारीख. आणि त्याखाली, जिथे वरच्या अधिकाऱ्याचं नाव लिहायचं असतं तिथे, श्री. सुगत पी. मेश्राम. बापाने स्वतःला मुलाच्या हाताखाली घातलं होतं.

सोबतचा कागद म्हणजे वहीचं फाडलेलं पान. दुहेरी रेघांचं, पिवळं पडलेलं. त्यावर दुसरीतल्या मुलाचं मोठं अक्षर. ‘पप्पा चित्रात संध्याकाळ आहे. संध्याकाळी पिवळं लाल दिसतं. मी गच्चीवर जाऊन बघितलं. सुगत.’ त्यावरचा ‘समाधानकारक नाही’ हा लाल शेरा तसाच होता. त्याखाली निळ्या शाईत, ताज्या तारखेसह, ‘समाधानकारक आहे’ असं लिहिलेलं होतं.

सुगतने ते पान उलटून मागची बाजूही पाहिली.

“काका, पप्पांनी हे ठेवलं होतं? सच में?”

मी हो म्हटलं. त्याने तोंड हायवेकडे केलं. गाड्या जात होत्या आणि पलीकडे आमची सोसायटी असायला हवी तिथे फक्त धुरकं होतं. माझा चहा गार झाला तरी मला प्यावासा वाटेना.

मग त्याने विचारलं, की यावर आता काय करायचं असतं. मी म्हटलं, तू वरचा अधिकारी. साधारण ‘मान्य’ लिहितात, सही करतात, खाली पाठवतात. त्याने माझं पेन घेतलं, फाईल माझ्या स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि खूप वेळ पेन टेकवून थांबला. इकडेच वाढलेलं पोर, मराठी लिहायची सवय राहिलेली नाही. दोन शब्द लिहायला त्याला मिनिट लागलं. सही केली, फीत बांधली, पुन्हा माझ्या पाया पडला आणि वर निघून गेला.

मी हायवेवरचा पूल उतरून स्कूटर कडेला घेतली आणि फाईल उघडली. त्याने लिहिलं होतं, ‘चर्चा करावी.’

चौतीस वर्षांत ज्या माणसावर हा शेरा आला नाही, त्याला तो निवृत्तीच्या तोंडावर पोराकडून. सुगत रागाने लिहितोय, मस्करी करतोय, की बापाला भेटायला बोलावतोय, हे त्या दोन शब्दांवरून मला सांगता येईना. सरकारी शेऱ्यात सूर कुठे कळतो?

साहेब दार उघडं टाकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी फाईल घेतली, टेबलावर सरळ ठेवली, फीत सोडली, वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“तारीख नाही टाकली,” साहेब म्हणाले.

“नाही.”

“म्हणजे केव्हा?”

“केव्हाही,” मी म्हटलं. “आजसुद्धा.”

त्यांनी मान हलवली. त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघून, अगदी खालच्या आवाजात, नव्याने लागलेला कारकून मोठ्या बाबूला विचारतो तसं विचारलं, “जाधवसाहेब, तुम्हाला अनुभव आहे. चर्चेत काय करायचं असतं?”

मी म्हटलं, “फार काही नाही. समोर बसायचं. ते बोलतील ते ऐकायचं.”

त्यांनी खिशातून डायरी काढली, चष्मा सारखा केला आणि लिहिलं, १. बसणे. २. ऐकणे. मग तीनचा आकडा घालून पेन धरून थांबले. तिसरं मलाच ठाऊक असतं तर माझे रविवार असे गेले नसते.

वहिनी आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि रोजचा स्टीलचा डबा त्यांनी फाईलशेजारी ठेवला.

“तीनवर लिहा,” त्या म्हणाल्या, “डबा नेणे.”

साहेबांनी तसं लिहिलं. मग उठून मफलर गुंडाळला आणि डबा उचलला. चार वर्षांत तो रिकामा आहे का एवढंच त्यांनी उचलून बघितलं होतं. या वेळी भरलेला होता, आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.